कडेला उभी कुशाबाई

भवानीनगरच्या स्टँडसमोर जोतीराम फोटोवाल्याचं दुकान होतं. बाप उभा जन्म मेंढरांमागं हिंडला आणि हा गडी कॅमेरा गळ्यात अडकवून लग्नांमागं. शहाण्णव साली त्याला या धंद्यात पंधरा वर्षं झाली होती. मांडवात त्याचा आवाज असा चढायचा की नवरदेवसुद्धा दचकायचा. "ओ पाव्हणं, मान सरळ! हसा की जरा, दाढ दुखती व्हय?" लोक हसायचे, फोटो चांगला यायचा, आणि जोतीराम आणखी फुगायचा.

कॅमेऱ्याबरोबर जी झूम लेन्स आली होती, तीच अजून चालू होती. तिच्यातून मधला भाग झकास यायचा, पण मांडवातल्या कमी उजेडात कडा पार पुसट व्हायच्या. जोतीरामला हे ठाऊक नव्हतं असं नाही. बारामतीचा दादासो, त्याचा जुना दोस्त आणि त्याच धंद्यातला, दोन वर्षं कानीकपाळी ओरडत होता, "जोत्या, लेन्स बदल." जोतीरामचं उत्तर ठरलेलं. "कडंला बघतंय कोण?"

वैशाखात बावड्याचा संभाजी दुकानात आला. त्याची आई, कुशाबाई, चार दिवसांपूर्वी गेली होती. दहाव्याला हार घालायला मोठा फोटो हवा होता.

"द्या की एखादा, मोठा करून आणतो," जोतीराम म्हणाला.

"एकटीचा कुठला? जित्या माणसाचा एकट्याचा फोटू काढला की आयुष्य सरतं म्हणायची. आमच्या पोरीच्या, सोनमच्या लग्नात तुमी काढलाय न्हवं समद्यांचा? त्येवढाच हाय."

हे काम जोतीरामचं नेहमीचं. मेलेल्या माणसाचा चेहरा लग्नाच्या फोटोतून उचलायचा आणि मोठा करून द्यायचा. पण आजवर तो उचलत आला ते आबा-तात्यांचे चेहरे, आणि ते मधल्या खुर्च्यांवर बसलेले. म्हातारीचा फोटो भिंतीवर लावायची रीत आत्ता कुठं सुरू झाली होती. त्यानं निगेटिव्ह शोधली, तर कुशाबाई अगदी कडेला उभी. बारामतीच्या लॅबमधून फोटो मोठा करून घेतला आणि तिथंच पाकिटातून काढून बघितला. लुगडं कळत होतं, कुंकू कळत होतं. डोळे आणि नाक मात्र एकमेकांत मिसळले होते.

संभाजीनं फोटो हातात घेतला, उजेडाकडं धरला. मग म्हणाला, "जोतीरामभाऊ, ही आमची आय न्हाय."

तरी तो फोटो घेऊन गेला. दुसरा होताच कुठं?

जोतीरामला अन्न गोड लागेना. तसाच उठून तो दादासोकडं गेला. दादासोनं स्वतःला नवी लेन्स घेतली होती, जुनी भारी लेन्स तो विकणारच होता. "चार दिवस वापर. पटली तर ठेव," म्हणाला. घरी येऊन जोतीरामनं बायकोला, सारजाला, चौकटीच्या अगदी कडेला उभं केलं आणि दोन्ही लेन्सनं फोटो काढले. दादासोच्या लेन्समधून तिच्या हनुवटीवरचा तीळसुद्धा दिसला.

"घ्या की मग," सारजा म्हणाली. "कशाला जीव जाळताय?"

एवढं सोपं असतं तर! ही लेन्स घ्यायची म्हणजे पंधरा वर्षांतले सगळे फोटो वाईट होते, हे स्वतःच्या तोंडानं कबूल करायचं. न घ्यावी तर उद्या आणखी कुणी येईल आणि म्हणेल, ही आमची आय न्हाय. गडी दोन दिवस दोन्ही लेन्स पुढ्यात घेऊन बसला. शेवटी त्यानं मनाशी ठरवलं, घ्यायची. कुशाबाईच्या दहाव्याला जायचं, संभाजीची माफी मागायची आणि त्याला सांगायचं, खोट भिंगात होती, आता बदललंय.

दहाव्याला बावड्यात घाटावरून परतलेली माणसं अंगणात टेकली होती. भिंतीला खुर्ची, खुर्चीवर तोच फोटो, त्याला हार. जोतीरामनं हात जोडले आणि संभाजीला गाठून लेन्सचं सांगायला लागला. शेजारी कुशाबाईची धाकटी जाऊ तानूबाई बसली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"भिंगाचं काय घिऊन बसलास, बाबा?" ती म्हणाली. "लग्नात ती मधीच उभी हुती. नातीच्या मागं, खांद्यावर हात ठिवून. तूच वरडलास, म्हातारे, कडंला सर, पुढाऱ्यांस्नी जागा कर. सरली बिचारी. मलाबी सरवलंस."

आठवत नाही, असं म्हणायचीही जोतीरामला सोय नव्हती. प्रत्येक मांडवात तो हेच ओरडत आला होता.

"आता माजा काड," तानूबाई उठत म्हणाली. "एकटीचा."

"काकी, आजच्या दिवशी आसलं काय बोलताय?" संभाजी कळवळला.

"आयुष्य सरलं तर सरू दे. मागं तोंड तरी दिसंल."

तिनं डोईवरचा पदर सारखा केला आणि जाऊन उभी राहिली कुठं, तर दाराच्या आड, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाट सोडून.

"मधी या, मावशी," जोतीराम म्हणाला. मांडव दणाणून सोडणाऱ्या त्या माणसाला ते एवढंसं वाक्य धड म्हणता आलं नाही. त्यानं तिचा हात धरून तिला अंगणाच्या मधोमध आणलं, आणि डोळे पुसून मगच गळ्यातला कॅमेरा उचलला.

दुसऱ्या दिवशी बारामतीला जाऊन त्यानं लेन्स दादासोच्या पुढ्यात परत ठेवली.

"का रं, पटली न्हाय?"

"भिंग बेस हाय," जोतीराम म्हणाला. "चूक माज्या तोंडाची हुती."