दलालाचा घोडा आणि माझी शर्यत

बसा. घोड्याचा विषय निघालाच आहे तर माझी फजिती सांगून टाकतो. हसा खुशाल, पण सावकाश हसा. मी बोलतो हळू. तुम्ही घाईनं हसलात तर पुढचं ऐकायचं राहून जाईल.

ती कापसाची सालं होती. सात समुद्रांपलीकडं कुठंतरी गोऱ्या लोकांची आपसात जुंपली आणि पैसा पडला आमच्या वऱ्हाडात! कसा, ते मला आजही उमगलेलं नाही. कोणी बैलांच्या शिंगांत चांदीची कडी घातली, कोणी बायकोला पुतळ्यांची माळ केली. मी काय केलं? घोडा घेतला!

आता मी जन्माचा बैलवाला. घोड्यातलं मला काय कळावं? अमरावतीच्या एका कापसाच्या दलालानं नवी बग्गी घेतली, म्हणून तो आपला घोडा विकत होता. मी बैल पारखतात तसा घोडा पारखायला गेलो. तोंड उघडून पाहतो तर थक्क! बैलाला वरच्या बाजूला पुढचे दात नसतात हे तुम्हाला ठाऊकच आहे. याला वर-खाली पुरी रांग!

"शेटजी, याले तं वरतबी दात हायेत!"

"हाव पाटील," दलाल गंभीरपणे म्हणाला, "सगळ्याच जनावराईले नसतात ते."

खोटं काय बोलला बिचारा? मी घोडा घेऊनच घरी आलो.

दुसऱ्या दिवसापासून साऱ्या गावाचा मुक्काम माझ्या गोठ्यात. घोडा बसत का नाही? कान मागं काहून पाडते? उभ्या उभ्या डोळे मिटते म्हणजे याला चक्कर येते का? प्रश्नच प्रश्न! आणि उत्तरं द्यायला मी! बायको तर घाबरूनच गेली.

"अवो, याचं पोट बिघडलं. कालपासून एक डाव रवंथ नाई केला यानं!"

खरंच की! मी ओवा आणला, गूळ आणला, दोघांनी मिळून घोड्याला काढा पाजला. अर्धा त्यानं प्यायला, अर्धा माझ्या अंगावर शिंकरला. शेवटी छावणीतला एक मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारा, वाटेनं चालला होता, त्यानं पोट धरून हसत सांगितलं, "बाबा, घोडा रवंथ करतच नाई. अन् झोपते उभ्यानंच." आम्ही दोघं काढ्याची वाटी घेऊन उभे! तोंडं पाहायची होती आमची.

हे सारं अंजनगावला पोचलं. तिथं माझा साडभाऊ राहायचा, बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. त्याच्या घरी आजोबापासून घोडे. आला मुद्दाम.

"काय गा साडभाऊ, तुहा घोडा रवंथ कराले लागला का?"

चार लोकांत विचारलं हो! मी गरीब स्वभावाचा माणूस, पण त्या दिवशी कुठून अंगात आलं देव जाणे. म्हटलं, "शर्यत लाव! आपल्या गावापासून अमरावतीच्या बाजारापर्यंत. हरलो तं माहा हौश्या तुहा!"

म्हटलं आणि जीभ चावली. हौश्या म्हणजे आमचा बैल. त्याची माय मेली तेव्हा बायकोनं त्याला बोटानं दूध चाटवून जगवलं होतं. घरात पहिला घास हौश्याचा, दुसरा माझा.

बायको भांडली नाही. ती दारात आली आणि शांतपणे म्हणाली, "हौश्या गेला, तं तुमीबी त्याच्या मागं अंजनगावले जा. तिथंच दावणीले राहा."

म्हणजे पाहा, मी नुसता बैल लावला नव्हता, घरदार लावलं होतं!

शर्यत सुटली. आणि काय सांगू, माझा घोडा सुटला तो वाऱ्यासारखा! साडभाऊ मागं, त्याची धूळ मागं. मी घोड्याची मान मिठीत धरून हसत सुटलो. एवढा आनंद मला लग्नातही झाला नव्हता. (हे घरात सांगू नका.)

तेवढ्यात समोर कापसाची गाडी दिसली. घोडा गाडीजवळ गेला आणि खुंटा ठोकल्यासारखा थांबला. घोडा थांबला, मी नाही थांबलो! मी त्याच्या डोक्यावरून उडालो तो थेट कापसात.

गाडीवान खूश. "या शेटजी! आत हात घालून पाहा, कापूस कोरडा हाय!"

"अबे, मी शेटजी नाई!"

"घोडा तं आमच्या दलालाचा हाय. तुमी त्याचे भागीदार असान."

त्या काळी भाव तोंडानं होत नसे. रुमालाखाली एकमेकांचा हात धरायचा आणि बोटं दाबून भाव सांगायचा, म्हणजे बाजूच्याला कळत नाही. त्यानं माझ्या हातावर रुमाल टाकला आणि बोटं धरली. मी हात सोडवायला झटापट केली. गाडीवानाचे डोळे विस्फारले.

"एवढा भाव! देव भलं करो तुमचं!"

पाहतो तर साडभाऊ टापा वाजवत पुढं निघून गेला. गाडीवानाचा रुमाल हातावर तसाच घेऊन मी घोड्यावर चढलो, टाच मारली. घोडा हलेना! आता अडलेला बैल कसा चालवतात? शेपटी पिळतात. मीही खाली उतरलो, मागं गेलो आणि शेपटी पिळली.

त्यानंतर मी पुन्हा कापसात होतो.

गाडीवानानं माझ्या हातावरचा आपला रुमाल काढून घेतला; दुसऱ्यांदा वर चढलो तर घोडा आपणहून पळायला लागला, आणि पुढच्या गाडीजवळ पुन्हा खुंटा! तिथं माझ्या डोक्यात उजेड पडला. दलाल गाड्यांना बाजारात पोचण्याआधीच वाटेत गाठत असणार. गाडी आली की थांबायचं, रुमालाखाली हात व्हायचा, रुमाल निघाला की पुढं चालायचं. एवढंच त्या घोड्याला आयुष्यात शिकवलेलं! सौदा झाल्याशिवाय तो पाऊल टाकत नव्हता.

आणि भर हंगाम! अमरावतीच्या वाटेवर गाड्यांची रांगच रांग!

मग काय करतो? डोळ्यांपुढं हौश्या दिसत होता. मी ओरडतच गेलो, "रुमाल काढा! लवकर रुमाल काढा!" हात घालायचा, हाताला लागेल ते बोट दाबायचं, की घोडा पुढं. पुन्हा गाडी, पुन्हा रुमाल. काय भाव दिला ते मला ठाऊक नाही, पण गाडीवान उड्या मारत होते.

"काहून एवढी घाई शेटजी?" एकानं विचारलं.

"बैल जाते माहा, बैल!"

"बैल घेऊन काय करता, आख्खी गाडीच घ्या ना!"

असा मी अमरावतीत पोचलो. पुढं मी, मागं कापसाच्या गाड्यांची वरात. साडभाऊ केव्हाचा लिंबाखाली बसून चिलीम ओढत होता.

"आलास? मले वाटलं, घोडा रवंथ कराले बसला!"

तेवढ्यात गाडीवान मला घेरून उभे. "शेटजी, माल कुठं उतरवाचा?" मी घाम पुसला आणि हात जोडले. "बाप्पाहो, मी शेटजी नाई. माह्याकडं द्यायले काईच नाई. माहा तं बैलबी आता गेला."

झाला गलका! कोणी माझं धोतर धरलं, कोणी घोड्याचा लगाम. पण नशीब पाहा, एवढ्या गाड्या एका जागी दिसताच बाजारातले व्यापारी धावत आले. कापसासाठी तेव्हा एकमेकांचे गळे धरायचे ते! साडभाऊनं चिलीम खाली ठेवली, हळूच मधे शिरला, खांद्यावरचा रुमाल काढला आणि एकेक गाडी उभ्या उभ्या विकून दिली. गाडीवान खूश, व्यापारी खूश. दलाली साडभाऊच्या कनवटीला.

मग तो माझ्याकडं आला. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "साडभाऊ, माह्या बहिणीसारखी हाय तुही बायको. तिचा बैल कायले नेऊ? त्याच्या जागी हा घोडा दे, झालं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. केवढं मन! मी घोडा दिला, वर खोगीर दिलं, त्याच्या पायाही पडलो. आणि पायी चालत, गाणं म्हणत घरी आलो.

बायको हौश्याच्या गळ्यात हात टाकून बसली होती. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजे त्या साऱ्या वाटेवर धंदा समजणारा एकच होता."

"हाव," मी म्हटलं, "साडभाऊ लय हुशार."

"साडभाऊ नाई," ती म्हणाली. "घोडा. अन् त्याले तुमी पाया पडून देऊन आले!"