निळ्या लुगड्यांची गंगा

बुडताना ज्याने तुम्हाला बाहेर काढले, त्याला तुम्ही घरात कुठपर्यंत येऊ द्याल?

उत्तरेत गंगेकाठी, ब्रह्मा घाटावरच्या आमच्या मराठी वस्तीच्या गणपतीत मराठी नाटक होई. एका वर्षीच्या नाटकात नायिका नदीत उडी घेते आणि नायक तिला वाचवतो. घरोघरची निळी लुगडी जोडून आम्ही गंगा केली. दोन्हीकडून चौघे ती हलवत. नायक वेदपाठशाळेतला, नायिकाही तिथलीच, म्हणजे तिथलाच.

नायक तिला फुलासारखी उचलून आणी. ते खोटे मला सहन होईना. घाटावरच्या एका म्हाताऱ्या नावाड्याला, मल्लाहाला, मी तालमीला आणले. कितीतरी यात्रेकरू त्याने ओढून काढले होते.

"ऐसे तो दोनों डूबोगे, पंडितजी," तो हसला. "पीछे से जाओ, बाल पकड़ो."

"बायकोला मारतोय असं दिसेल!" नायक कुरकुरला.

"दिसू दे रे," नायिका म्हणाली, "मला जगायचंय."

तालमीत नायिकेला केसांचा टोप नसे, म्हणून नायक तिची शेंडी धरून ओढायला शिकला. म्हातारा रोज येऊन त्याचा हात सुधारी. शेवटच्या दिवशी म्हणाला, "हमार जगह रखिहा, भइया." मी म्हटले, "पहिल्या रांगेत."

प्रयोगाच्या संध्याकाळी उत्सवाच्या कारभाऱ्यांनी त्याला वाड्याच्या दारातच थांबवले. "चौकात गणपती आहे. याला बाहेर बसव." सारे देशबंधू एक, असे छापलेली पत्रके तेव्हा माझ्या खिशात होती. मी आत निघून गेलो. तो समोरच्या पायरीवर बसला.

आत नायक मागून गेला, केस धरले, आणि टोप हातात आला. निळ्या लाटांवर गुळगुळीत डोके आणि शेंडी! चौक हसून लोळला. नायक क्षणभर थबकला. मग टोप टाकून त्याने शेंडी धरली आणि नायिकेला काठावर आणले.

मी बाहेर आलो तसा म्हातारा उठला.

"सब हँसे काहे? लड़की बची न?"

"बची, बाबा. जैसे आपने सिखाया, वैसे ही."

"तब ठीक बा," म्हणून तो घाट उतरू लागला. जागेचे त्याने विचारलेच नाही.

यंदाही तुमच्याकडे नाटक होईल. आपल्या घाटावरच्या नावाड्याला स्वतः जाऊन बोलवा, आणि दारात कोणी अडवले, तर त्याचा हात धरून त्याला आत घेऊन या.