काउंटरवर उभ्या रंजनाताई

रंजनाताई मे महिन्यात सहलीहून परत आल्या की पुढचे आठ-दहा दिवस त्यांच्या उजव्या मनगटावर एक जांभळी पट्टी असायची. कागदी, पण प्लास्टिकसारखी चिवट. घाटाच्या पायथ्याशी जे मोठं थीम पार्क आहे, त्याच्या आवारातल्याच हॉटेलात उतरणाऱ्यांना ती बांधतात. आमच्यासारखे बाहेर कुठेतरी उतरून सकाळी गेटवर रांग लावणारे, त्यांना पिवळी. जांभळीवाले नऊला आत, पिवळीवाले दहाला. बाकी सगळी दुनिया परतीच्या गाडीतच ती पट्टी कापून टाकते. रंजनाताई ती घालून भांडी घासत, रे रोडच्या ऑफिसला जात, कोथिंबिरीची जुडी पारखून घेत. मी एकदा कात्री पुढे केली तर म्हणाल्या, "राहू दे गं. सुटेल तेव्हा सुटेल."

मी काही मदत म्हणून कात्री दिली नव्हती, हे इथेच सांगून टाकते. ती पट्टी मला बघवत नव्हती.

परळला आमची चाळ पडून टॉवर झाला, तेव्हा सातव्या मजल्यावर आमचं आणि कांबळ्यांचं दार समोरासमोर आलं. रंजनाताई गोदीच्या एका कार्यालयात हेडक्लार्क. भाऊजी बसडेपोत मेकॅनिक. आमची सई आणि त्यांची मृणाल एकाच वर्गात. त्यांच्या हॉलमध्ये बुद्धाची एक छोटी मूर्ती आणि भिंतभर पुस्तकं, आणि आमच्या हॉलमध्ये भिंतभर टीव्ही. सई शाळेतून आली की दप्तर आमच्याकडे टाकायची आणि स्वतः समोर जायची. मी दादरला बालवाडीत शिकवते. दिवसभर लोकांची पोरं माझ्या पदराला लटकलेली, आणि माझी पोर दुसऱ्याच्या सोफ्यावर. याचं मला किती वाईट वाटायचं ते मी कुणाला बोलले नाही.

ताईंची खरी ओळख काउंटरवर व्हायची. सासूबाईंच्या आधार कार्डावर जन्मसाल चुकलं आणि कागदोपत्री त्या माझ्या नवऱ्यापेक्षा लहान झाल्या. आमचे हे चार वेळा हात हलवत परत आले. पाचव्या वेळी ताई बरोबर गेल्या. आवाज चढवला नाही, ओळख काढली नाही. इस्त्रीच्या सुती साडीत काउंटरसमोर सरळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "नियम कुठे लिहिलाय तेवढं दाखवा, म्हणजे मी त्याप्रमाणे करते." तासाभरात सासूबाई पुन्हा आपल्या मुलाच्या आई झाल्या. परत येताना मी म्हटलं, "ताई, तुम्हाला भीती नाही वाटत?" तर म्हणाल्या, "पलीकडचा बसलेला असतो, आपण उभे. म्हणजे आपण उंच. आणि लिहिलेला नियम मला चालतो. मनातला चालत नाही."

त्या दिवसापासून सासूबाईंच्या तोंडी एकच नाव. मी चहा दिला तरी रंजना, मी पाय चेपले तरी रंजना. माझं तोंड बघून एकदा म्हणाल्या, "अगो, जळतंस कित्याक? तीयेचा तीयेकडे, तुझा तुझ्याकडे." माझ्याकडे काय होतं, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

तर ते हॉटेल. दरवर्षी त्याच पार्कला आम्हीही जायचो, पण उतरायचो बाहेर, रिक्षाने दहा मिनिटांवरच्या गावात, एका काकूंकडे. त्या आपल्या घरातच पाहुण्यांची सोय करत. आतली मोठी खोली, ओळीने गाद्या, पुढे ओसरी, अंगणात चिकूचं झाड, सकाळी काकूंच्या हातचे गरम घावन. "हॉटेलात काय, दार लावलं की कोंडल्यासारखं. इथे कसं घरच्यासारखं," असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. कोल्ह्याला द्राक्षं आंबट, दुसरं काय. सई चौथीत असल्यापासून विचारायची, "आपण मृणालसारखं आत का नाही राहत?" दुपारी ऊन डोक्यावर आलं की जांभळी पट्टीवाले आपापल्या खोलीत जाऊन तासभर आडवे होत, पोहून येत, चारला ताजेतवाने होऊन पुन्हा पाळण्यात. आम्ही तोवर झाडाखाली सतरंजीवर, घामाघूम, डब्यातल्या शेवटच्या ठेपल्यावरून भांडत.

हॉटेल आम्हालाही परवडलं असतं. पण ते ताईंनी आधी निवडलं होतं, आणि त्यांच्या मागून जायचं मला जमत नव्हतं.

एकदा मी त्यांना विचारलंच, "ताई, एवढं काय आहे त्या हॉटेलात?" त्या हसल्या. "काउंटर आहे," म्हणाल्या. "मी काउंटरवर जाते, वैशाली. ओसरीवर नाही." मला वाटलं, काय हा तोरा. आमच्या काकूंच्या ओसरीला नाव ठेवलं असं वाटून मी दोन दिवस धुमसत होते.

मुलींची दहावी झाली त्या वर्षी दोघींनी हट्ट धरला, सहल एकत्रच. मला संधी मिळाली. लिफ्टपाशी चार बायकांसमोर मी म्हटलं, "मग या वर्षी आमच्या काकूंकडेच उतरू. का ताई, आमच्यासारखी गादीवर झोप नाही येणार तुम्हाला?" खरं सांगायचं तर मला तेच बघायचं होतं. रंजनाताई जमिनीवर गादी घालून झोपल्यात, सकाळी एका न्हाणीघरासाठी आमच्यामागे उभ्या आहेत, आणि सई ते बघते आहे.

मृणाल ताईंचा दंड धरून "मम्मी, प्लीज" करत होती. शेवटी म्हणाल्या, "ठीक आहे. पण आमचं नाव स्वतंत्र सांग. आडनावासकट. आधी सांग."

मी हो म्हटलं. घरी येऊन काकूंना फोन लावला. काकूंनी नेहमीसारखी चौकशी केली. "सोबत कोण आहेत? आपल्यातलेच ना?"

मी म्हटलं, "शेजारच्याच आहेत हो. अगदी घरच्यासारख्या. आमच्याच नावावर लिहा, सावंत, सहा माणसं."

हे मी का केलं? सहल मोडू नये म्हणून, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. पण आडनाव सांगितलं तर काकू काय म्हणतील याचा अंदाज मला होता, आणि तो होता म्हणूनच मी ते गिळलं. मला ताईंना माझ्याबरोबर तिथे न्यायचं होतं, बस.

आम्ही दुपारी चारच्या सुमाराला पोचलो. काकूंनी हसून स्वागत केलं, ओसरीवर चहा आणला. मग ताईंकडे वळून विचारलं, "गाव कुठलं तुमचं?" ताईंनी माझ्याकडे एक नजर टाकली. मी चहात बघत होते. त्यांना सगळं कळलं असणार.

"आम्ही कांबळे," ताई म्हणाल्या. "गाव चिपळूणच्या पुढे. मी मात्र परळचीच."

काकूंचं हसू गेलं नाही, जागच्या जागी राहिलं. सईने रिकामे कप गोळा केले आणि सवयीने आत स्वयंपाकघरात नेले. मृणाल तिच्या मागे निघाली तर काकू पटकन म्हणाल्या, "तू राहू दे बाळ, बस तू." मग मला म्हणाल्या, "आतल्या खोलीत यंदा देवाचं मांडलंय, जागा कमी पडेल. तुम्ही तिघं आत झोपा. यांच्या गाद्या इथे ओसरीवर घालते. काय छान वारा येतो."

मी आतली खोली बघितली होती. तिथे देवाचं काही मांडलेलं नव्हतं. सहा गाद्या ओळीने घातलेल्या होत्या, उशांना धुतलेले अभ्रे होते. आमचे हे मोबाईलमध्ये डोकं घालून बसले. भाऊजी चिकूच्या झाडाकडे बघत होते. कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं, आणि ते कुणीतरी मीच होते. मी तोंड उघडलं.

"हो ताई," मी म्हटलं, "इथे वारा खरंच छान येतो."

ताई उठल्या. साडीच्या निऱ्या सारख्या केल्या आणि उभ्यानेच फोन लावला. आवाज तोच, आधार कार्डाच्या काउंटरवरचा. "नमस्कार. आजपासून दोन दिवस एक खोली हवीय. नाव रंजना कांबळे. हो, कांबळे. तीन जण."

"मावशी," सई आतून बाहेर येत म्हणाली, "चार सांगा."

तिच्या हातात तिची बॅग होती. मी तिला नावाने हाक मारली, पण तिने मागे बघितलं नाही. काकूंच्या अंगणातून ती मृणालच्या जोडीने चालत गेली, आणि ज्या गोष्टीला मी सात-आठ वर्षं भीत होते ती माझ्याच करणीने माझ्या डोळ्यांसमोर झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि हे पिवळी पट्टी बांधून गेटबाहेर उभे. आत सई त्या उलट्या-सुलट्या फिरणाऱ्या गाडीत बसून ओरडत होती, जांभळ्या पट्टीचं मनगट वर करून. दहाला पाच कमी असताना गेटच्या जाळीशी ताई आल्या. मला वाटलं, आता बोलतील. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून जाळीतून माझ्याकडे दिली. "ऊन लागेल. तुझं डोकं दुखतं ना उन्हाने." मी टोपी घेतली, आणि तेव्हाही मनात आलं काय, तर हिला हेही बरोबर सुचतं. इतकी मी वाईट आहे.

मुंबईला आल्यावर महिनाभर त्यांनी अबोला वगैरे काही धरला नाही. दार उघडं, नमस्कार-चमत्कार चालू. पण काही मागितलं नाही, काही दिलं नाही. मग एका रविवारी शिवाजी पार्कला चालताना कट्ट्यावर बसल्या आणि मला बसवलं.

"आमच्या बाबांचा गिरणीत एक दोस्त होता," म्हणाल्या. "इथे दोघं एका डब्यात जेवायचे. आम्हा मुलांना तो काका खांद्यावर घेऊन गणपती दाखवायचा. मे महिन्यात गावी गेलो की बाबा त्याला भेटायला जायचे. तिथे तो बाबांना ओसरीवर बसवायचा. त्याची आई वरून पाणी ओतायची, बाबा ओंजळ धरायचे. मी बघितलंय ते. बाबांना त्या म्हातारीचा कधी राग आला नाही. म्हणायचे, तिला काय, तिला तेवढंच ठाऊक. दोस्त खाली बघत बसायचा, त्याचा राग होता."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू निदान वाऱ्याचं तरी बोललीस."

मी रडले. माफी मागितली. त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "रडू नको. पुढच्या वेळी बोल." पुढच्या वेळी काय, तर काकूंकडे मी त्यानंतरही दोनदा गेले. घावन तसेच होते, वाराही होता. सई आली नाही. मी काकूंना काही बोलले नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत रंजनाताई आठ दिवसांच्या आजारात गेल्या. इस्पितळातही नर्सच्या टेबलापाशी उभं राहून विचारायच्या, कुठली गोळी, कशासाठी. शेवटचे दोन दिवस त्यांना उठता आलं नाही. सई नोकरीवरून सुट्टी घेऊन मृणालबरोबर तिथेच होती. ताई गेल्या तेव्हा सई अशी रडली, की मी गेल्यावर माझ्यासाठी ही असं रडेल का, हा विचार माझ्या मनात आला. त्यांच्या पुण्यानुमोदनाला, समोर त्यांचा फोटो, मेणबत्त्या, त्रिसरण चाललेलं, आणि मी मेलेल्या बाईचा हेवा करत बसले होते.

यंदा एप्रिलमध्ये काकूंचा फोन आला. "येताय ना? किती माणसं लिहू?" सई समोरच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती. मी सोफ्यावर होते.

"लिहून घ्या," मी म्हटलं. "पहिलं नाव कांबळे. मृणाल कांबळे आणि तिचे वडील. त्यांना आतली खोली. आम्ही तिघं ओसरीवर झोपू. वारा छान येतो म्हणता ना तुम्ही."

"अगं," काकू म्हणाल्या, "पण यंदा आत देवाचं..."

"काकू, आत देवाचं काही नसतं. त्या वर्षीही नव्हतं. मी बघितलं होतं."

एवढं बोलताना माझा आवाज कापत होता. सईने लॅपटॉपवरून मान वर केली आणि माझ्याकडे बघत राहिली. ती शाबासकी देईल असं मला क्षणभर वाटलं.

"मावशी उभ्या राहून बोलायच्या," ती म्हणाली.

मी उभी राहिले. काकूंनी फोन केव्हाच ठेवला होता.