शेतात वाजलेली घंटा

फकिराच्या बैलांना मागं वळता येत नव्हतं.

बैलाला वळता येत नाही म्हणजे काय, असं कुणालाही वाटेल. पण ते बैल शेतकऱ्याचे नव्हते, लदेणीचे होते. पाठीवर मिठाच्या, मिरचीच्या, धान्याच्या गोणी लादून घ्यायच्या, एकामागं एक ओळ धरायची आणि म्होरक्याच्या घंटेमागं चालत राहायचं, एवढंच त्यांच्या कुळाला ठाऊक. गेल्या वाटेनं लगेच परत फिरायचं असतं, हे त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. खरं सांगायचं तर फकिरानंही पाहिलं नव्हतं.

छप्पन्न साल नुकतंच सरलं होतं. विदर्भ मुंबई राज्यात गेला होता म्हणे. फकिराला त्याचं काही नव्हतं. त्याला दुःख होतं ते मालवाहू लारीचं. बाकीच्या बंजारा तांड्यांची लदेणी त्याच्या बापाच्या काळातच रेल्वेनं खाल्ली होती. पण पैनगंगेपल्याडच्या रानात गाडीवाटसुद्धा नव्हती, तिथली मीठ-मिरची बैलाच्याच पाठीवरून जायची, आणि त्या आडवाटांच्या जोरावर फकिरानं आपला धंदा साठी गाठेपर्यंत ओढला. मग तिकडंही रस्ता झाला. एका पावसाळ्यात ज्या गावांत त्याची वाट बघत बाया उंबऱ्यावर उभ्या राहायच्या, त्याच गावांत पुढच्या उन्हाळ्यात लारी उभी दिसली. फकिरानं गोणी न उतरवता बैल तसेच पुढं काढले आणि वळसा घालून घरी आणले. त्यानंतर घरात मीठच मीठ झालं.

त्याच सुमाराला सरकार ढाणकी गावाच्या अंगाची पडीत जमीन तांड्यातल्या लोकांना कसायला देत होतं. फकिराचा मुलगा नेमसिंग हुशार, त्यानं धावपळ करून नाव लावलं. कोणती जमीन पाहिजे म्हणून विचारणा झाली, तेव्हा फकिरानं एकदम हात वर करून नाल्याकाठच्या मोहाच्या झाडाकडं बोट दाखवलं. तो त्यांचा जुना मुक्काम होता.

त्या मुक्कामाला एक गोष्ट होती. फकिरा लहान असताना तिथं उतरताना ज्वारीची एक गोणी फाटली. मूठ-दोन मूठ दाणे मातीत सांडले, बैलांच्या खुरांखाली गेले, कुणी लक्ष दिलं नाही. पुढच्या वर्षी तांडा तिथं आला, तर मोहाखाली ज्वारी उभी! नांगर नाही, तिफण नाही, आपली आपण. फकिराची आई बिजलीबाई तर त्या कणसांपुढं हात जोडून उभी राहिली. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या लोकांचं धान्य वाहिलं, त्यांनी ते उगवताना असं जवळून कुठं बघितलं होतं? तेव्हापासून बिजलीबाईला खोडच लागली. मुक्काम उठवायच्या आधी ती गुपचूप मूठभर दाणे मातीत लोटायची आणि नवरा बघत नाही ना, ते बघायची.

एका वर्षी तांडा लवकर आला. ज्वारी निसवली होती, कणसात नुसतं दूध होतं. बिजलीबाई नवऱ्याला म्हणाली, "थांबू ना थोडं. दाणा भरू द्या." तिनं आयुष्यात नवऱ्याकडं एवढी एकच गोष्ट मागितली असेल. फकिराचा बाप उठला. त्यानं घंटेच्या जिभेला बांधलेली चिंधी सोडली, म्होरक्याच्या गळ्यात घंटा घातली आणि चालू लागला. घंटा वाजली की निघायचं आणि बसल्या जागी घंटा वाजवायची नाही, असा त्याचा नेम होता. आई वळून वळून मागं बघत होती, हे लहानग्या फकिरानं पाहिलं. पुढच्या वर्षी ती वाटेतच तापानं गेली. कुठल्या मुक्कामावर, तेही आता नीट सांगता यायचं नाही.

जमीन मोजून द्यायला यवतमाळहून श्रीकृष्ण नावाचे कारकून आले होते. कचेरीतलं घराणं, पण माणूस मोकळा, आणि जुन्या काळाची पुस्तकं वाचायचा नाद. मोहाखाली चहा पिता पिता नेमसिंगनं त्यांना आजीची गोष्ट सांगितली, तर त्यांचा कप हातातच राहिला.

"फकिराभाऊ, अहो, माणसानं शेती अशीच सुरू केली म्हणतात! हजारो वर्षांपूर्वी लोक रानातलं धान्य गोळा करून फिरायचे. झोपडीपाशी दाणे सांडले, ते उगवले. ते कुण्या बाईच्या नजरेला पडलं असणार. मग ती राखण करायला थांबली. ती थांबली म्हणून घर झालं, घरांचं गाव झालं, गावांवर राजा आला."

"अन् मंग कचेरी," फकिरा म्हणाला.

"हो, मग कचेरी," श्रीकृष्ण हसले.

फकिरा मात्र हसला नाही. "थे बाई थांबली, सायेब. माही याडी काहून नाही थांबली?" आईला त्यांच्यात याडी म्हणतात. श्रीकृष्णांनी कप खाली ठेवला. जाताना ते एवढंच सांगून गेले, की दिवाळीच्या आगेमागे पाहणीला येईन. शेतात पीक उभं दिसलं पाहिजे, नाहीतर जमीन दुसऱ्याच्या नावावर जाते, तिथं माझं काही चालत नाही.

मृग बरसला, वाफसा आला, आणि नेमसिंगनं गावातून तिफण मागून आणली. दोन बैल जुंपले. त्यांच्या पाठीला गोणीचे घट्टे होते, मान मात्र लोण्यासारखी मऊ. जू पडताच एकानं पुढं व्हायला बघितलं आणि दुसऱ्यानं त्याच्या मागं जायला. शेजारी-शेजारी चालतात हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं! जू तिरपं झालं, तिफण तिरपी झाली, तास असं वाकडं गेलं की बांधावर जमलेली माणसं पोट धरून हसली. आणि शेताच्या कडेचा धुरा आल्यावर तर कहरच झाला. नेमसिंग "वळ, वळ" म्हणून ओरडतोय, आणि बैल सरळ धुरा ओलांडून, नाल्यात उतरून, पल्याडच्या रस्त्याला लागले. तिफण फरफटत मागं, तिच्यामागं ओटीत बियाणं धरून फकिराची बायको सुखीबाई धावतेय, आणि तिच्यामागं गावातली कुत्री. ढाणकीच्या वेशीजवळ कुणीतरी बैल धरले.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. दुसरी बैलजोडी मागावी, तर पेरणीच्या दिवसांत आपली जोडी कोण देतं? वरची माती सुकत चालली. नेमसिंग रडकुंडीला आला.

"बा, घंटा दे," तो म्हणाला. "कबऱ्या म्होरं चालला तं हे त्याच्यामागं येतीन."

कबऱ्या म्हणजे म्होरक्या. देवीच्या नावानं सोडलेला, अंगावर काळेपांढरे ठिपके असलेला जुना बैल. त्याच्या पाठीवर कधी गोणी चढली नव्हती आणि मानेवर जू चढणार नव्हतं. त्यानं फक्त पुढं चालायचं. लदेणी बंद झाल्यापासून तो नुसता मोहाखाली बसून असायचा, आणि फकिरा त्याच्याजवळ. दोघांचीही तोंडं रस्त्याकडं.

"घंटा वाटेची हाय," फकिरा म्हणाला. "वावरात वाजवाची नाही."

नेमसिंग पाय आपटत निघून गेला. सुखीबाई तिथंच भाकरी थापत होती. तिनं तवा उतरवला आणि हात न धुता नवऱ्यासमोर येऊन बसली.

"याडीनं एकच गोष्ट मांगली होती. तुमच्या बापानं नाही देल्ली," ती म्हणाली. "तुमी तं द्या."

फकिराला राग आला. असा राग, जो खरं ऐकल्यावरच येतो. त्यानं कबऱ्याच्या वशिंडावरून हात फिरवला. मग म्हणाला, "एक पीक. थो सायेब पाहून गेला का मी कबऱ्याले घेऊन निंगालो. पैनगंगेपल्याड, आपल्या जुन्या मुक्कामायवर. मंग मले कोनी रोकाचं नाही."

सुखीबाईनं मान हलवली. ती हो म्हणाली की नाही, ते फकिराला शेवटपर्यंत कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी घंटेची चिंधी सुटली. पुढं कासरा धरून फकिरा, मागं घंटा वाजवत कबऱ्या, त्याच्यामागं जुंपलेले बैल. आवाज ऐकताच त्या दोघांचे कान टवकारले. दोघांनाही घंटेच्या जवळ जायचं, म्हणून दोघंही सारख्याच ओढीनं चालले, आणि तास दोरी लावल्यासारखं सरळ पडलं. तिफणीच्या चाड्यात सुखीबाईची मूठ सुटत होती. धुरा आला. बैल वळतात की धुरा ओलांडतात, म्हणून सगळे टक लावून उभे. फकिरा वळला. त्या वळणावर त्याला कधीच मागं न वळलेल्या बापाची पाठ दिसली म्हणे. पण तो वळला, कबऱ्या वळला, आणि घंटेमागं बैलही वळले. बांधावरचं हसणं बंद पडलं.

पेरणी झाली. मग तण काढायला डवऱ्याचे फेर सुरू झाले, तेही तसेच, घंटेमागं. सबंध पावसाळा मोहाजवळच्या त्या शेतातून घंटा ऐकू यायची. ढाणकीच्या बाजाराला जाणारे लोक थबकून बघायचे आणि म्हणायचे, "तांडा निंगाला वाटते." तांडा कुठला निघतोय! तो या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत जाऊन परत येत होता. फकिरा दिवसभर चालून चालून मोहाखाली टेकायचा तेव्हा सकाळी होता त्याच जागी असायचा. त्याला त्याचं हसूही यायचं आणि वाईटही वाटायचं.

दिवाळीच्या आगेमागे श्रीकृष्ण आले. ज्वारी निसवून डोक्याच्या वर गेली होती. त्यांनी शेताला चक्कर मारली, नेमसिंगच्या पाठीवर थाप दिली. जमीन राहिली. नेमसिंगनं त्यांच्या पायाला हात लावला, आणि फकिरा उठून आपली घोंगडी घडी करायला लागला.

सकाळी तो निघाला. सुखीबाईनं भाकर-चटणी बांधून दिली. तिचे डोळे भरून आले होते आणि तिनं ते लपवले नाहीत. "कणसात दूध हाय अजून," एवढंच बोलली. फकिरानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. कबऱ्याच्या गळ्यात घंटा बांधली आणि दोघं रस्त्याला लागले.

गार हवा, मोकळी वाट, कानाशी घंटा. फकिराची पाठ सरळ झाली. किती दिवसांनी समोर धुरा नव्हता! शेताच्या लांबीइतकं चालले असतील, आणि कबऱ्या थांबला. मग सावकाश वळला आणि घराकडं चालू लागला.

"अबे, कुठी?" फकिरा ओरडला. कासरा ओढून त्याला पुन्हा वाटेला लावलं. कबऱ्या शहाण्यासारखा चालला. तेवढंच अंतर चालला, थांबला, आणि पुन्हा मागं वळला. फकिरानं चुचकारलं, शिव्या दिल्या, शेवटी हात जोडले. कबऱ्यानं त्याच्याकडं असं पाहिलं, की मालक, तुम्हीच तर शिकवलंत. अख्खा पावसाळा घंटा वाजली की एवढंच चालायचं आणि वळायचं. म्हाताऱ्या बैलानं ते पक्कं धरलं होतं. तिसऱ्यांदा तो वळला तेव्हा कासरा फकिराच्या हातातून सुटला.

फकिरा रस्त्याच्या कडेला बसला. आधी तो हसला. मग त्यानं वळून पाहिलं. उन्हं वर आली होती, मोहाच्या झाडाखालून नाल्यापर्यंत ज्वारी उभी होती आणि वाऱ्यावर सगळी कणसं एकाच बाजूला कलत होती. आई इथूनच मागं बघत होती. हीच वाट, हेच दिवस, कणसात हेच दूध. फकिरा साठीचा म्हातारा, पण रस्त्यावर बसून लेकरासारखा रडला. त्याचं त्याला बरं वाटलं.

तो परतला, तर सुखीबाई शेताच्या तोंडाशी कबऱ्याचा कासरा धरून उभी. फकिरानं कबऱ्याच्या गळ्यातली घंटा सोडून घेतली आणि तो सरळ शेतातल्या राखणीच्या मचाणावर जाऊन बसला. ज्वारीवर पाखरं उतरली, तशी त्यानं घंटा हातात घेतली आणि वाजवली. थवाच्या थवा उठून पैनगंगेकडं गेला.

"अन् तुमी? तुमी कवा निंगता?" खालून सुखीबाईनं विचारलं.

"दाणा भरू दे," फकिरा म्हणाला.

मी इथंच राहणार, असं तो कधीच म्हणाला नाही. त्याला ते जमलं नसतं. दाणा भरला, मळणी झाली, तर म्हणायचा, बियाणं निवडून ठेवतो अन् निंगतो. बियाणं निवडलं की मृग यायचा. कबऱ्या म्हातारपणानं गेला, त्याला धुऱ्यावरच पुरलं. मग घरचेच गोऱ्हे शेतात जन्मले, शेतात वाढले. त्यांना जू काय आणि वळण काय, शिकवावं लागलं नाही. घंटा मचाणावर टांगली गेली. पण दर दिवाळीला कणसात दूध भरलं की सुखीबाई मचाणाखाली उभी राहून विचारायची, "कवा निंगता?" आणि वरून तेच उत्तर यायचं. पुढं पुढं नातवंडं ते ऐकायला मुद्दाम गोळा व्हायची.

सहासष्ट-सदुसष्ट सालच्या सुमाराला, ऐन राखणीत, फकिरा मचाणावरच गेला. पाखरं निवांत बसलेली दिसली, म्हणून नेमसिंग वर चढला होता. मोहाजवळच्या धुऱ्यावर चिता रचली. माणसं अग्नी द्यायला थांबली होती, पण सुखीबाई आधी शेतात शिरली. एक कणीस मोडून तिनं तळहातावर चोळलं, एक दाणा दाताखाली धरला. मग ते दाणे फकिराच्या मुठीत ठेवले आणि मचाणावरची घंटा काढून आणून त्याच्या कानाशी वाजवली.

"भरला दाणा, नेमसिंगच्या बा," ती म्हणाली. "आता निंगा."