रोबोच्या आधीचा झाडू

आमच्या घरात माझ्याआधी दहावीपुढे कुणी गेलं नव्हतं. राबायचं शेत दुसऱ्याचं, डोक्यावर पत्रा. आई रोज कडावहून कर्जतला जाऊन चार घरची झाडूफरशी करायची, त्यावर माझं कॉलेज चालायचं. आज सांगायला लाज वाटत नाही, तेव्हा वाटायची.

बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षी मी कर्जतच्याच एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात अर्धवेळ लागलो. तिथे झाडू मारणारा रोबो आला. गोल, परातीएवढा. टीव्हीवरच्या जाहिरातीत एक बाई सोफ्यावर चहा पीत हसते आणि हा खाली फिरतो. आठवडाभरात एकही खपला नाही. शेठ म्हणाले, "तू कॉलेजवाला ना? टेंपोवर वाजवायला काहीतरी झणझणीत लिही."

मी लिहिलं आणि माझ्याच आवाजात रेकॉर्ड केलं : "कामवालीच्या दांड्यांना कायमचा रामराम!"

टेंपो गल्लोगल्ली फिरला. आई तेव्हा एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी फरशी पुसत होती.

संध्याकाळी ताट वाढताना म्हणाली, "आवाज वळखला रं तुझा. शिकवल्याचं चीज झालं. आता फीलाबी रामराम कर."

चारातल्या तीन घरांनी रोबो घेतला. "पुढच्या महिन्याचं बघू," असं आईला तिन्हीकडे ऐकवलं गेलं. 

पण जाहिरातीतल्या घराला उंबरठा नव्हता. कर्जतच्या घरांना आहे. रोबो तिथे धडका देत बसायचा. देवापुढची रांगोळी फरफटत सोफ्याखाली न्यायचा. लांब केस अडकले की जागीच मान टाकायचा. त्याला सोडण्याआधी पाट, चपला, वायरी, सगळं उचलायचं. तरी परत कुणी केला नाही. पाहुणे आले की तो फिरायचा, पाहुणे पाय वर घेऊन "वा!" म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी आमच्या दुकानात हजर.

महिना संपायच्या आत शिक्षिकेने आईला विचारलं, "अगं, रोबो लावायच्या आधी जरा झाडून घेशील?"

"घेईन की. पण त्याच्यात अडकलेले केस काढायचे, त्याला पुसायचं, तेबी मलाच. घरात एक माणूस वाढलं ना, बाई. पगारबी वाढवा."

तिन्ही घरांनी वाढवला. माझी जाहिरात टेंपोवर वाजत राहिली, आई ती ऐकत झाडत राहिली. त्या पगारातून शेवटची फी भरली. मी बी.कॉम. झालो, प्रथम वर्गात. आमच्या घरातला पहिला पदवीधर.