वरच्या खोलीचं कनेक्शन

अकोल्याच्या जठारपेठेत पंजाबरावांचं लग्नपत्रिकांचं दुकान होतं. दुकान खाली, घर वर. कोणत्या काकाचं नाव कोणाच्या वर, यावरून तणतणत आलेल्या सोयऱ्यांना ते चहा पाजून शांत करत. २०११ साली त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू लुळी पडली, जिना सुटला. उजवा हात शाबूत होता. काम सुटलं तर हा माणूस खचेल, हे त्यांच्या मुलाला, मनोजला, कळत होतं.

मनोज कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करी. त्याने एक जुना कॉम्प्युटर वर पलंगाशी मांडला आणि त्यावरून खालचं मशीन, म्हणजे दुकानातला कॉम्प्युटर, चालवता येईल अशी रिमोट डेस्कटॉपची सोय केली. अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर खालच्याच मशीनवर चालायचं. दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी पंजाबरावांनी पलंगावरून पहिली पत्रिका जुळवली आणि शेजाऱ्यांना बोलावून दाखवली.

मग तक्रारी सुरू झाल्या. वडील म्हणत, मधेच तुटतं. गल्ल्यावर बसणारी मनोजची बायको मंजुषा म्हणे, मशीन आपोआप लॉक होतं, पासवर्ड मागतं. मनोजने हे दोन वेगळे बिघाड धरले. लोडशेडिंगनंतर राउटर मशीनला नेटवर्कवरचा नवा पत्ता देई, तो त्याने कायमचा करून टाकला. फायरवॉल तपासली, केबल बदलली. फरक पडला नाही. त्या साली कापसाने हात दिला नव्हता, खेड्यापाड्यातली लग्नं पुढे गेली होती, पत्रिका घटल्या होत्या. मनोज अकोटच्या कापूस जिनिंग कारखान्यांतले कॉम्प्युटर सांभाळायला एसटीने जाई. घरचं काम उद्यावर पडे. गिऱ्हाइकाकडे तो दोन्ही मशीनपुढे माणूस बसवून एकाच वेळी बघे. घरी तेवढं केलं नाही.

एकदा जिनिंग बंद होती म्हणून तो भरदुपारी घरी होता. कित्येक दिवसांनी, त्याने म्हटलं म्हणून, वडील वरच्या मशीनवर बसले. थोड्या वेळात कॉम्प्युटरचा पडदा काळा झाला आणि त्यावर ओळ उमटली: दुसऱ्या कोणी जोडणी घेतल्यामुळे तुमची तुटली आहे.

मनोज खाली गेला. मंजुषा नुकतीच पासवर्ड टाकून बसली होती. वडील वरून आत शिरले की खालचा पडदा लॉक होई. तिने तो उघडला की वडील बाहेर पडत. त्या मशीनवर एका वेळी एकालाच बसता येतं, हे मनोजला पहिल्यापासून माहीत होतं. त्याने घरात कोणाला सांगितलं नव्हतं.

"बाबा वरच्याच मशीनवर करतात, असं मी समजून होती," मंजुषा म्हणाली.

तो परत वर आला.

"तुमी सांगतलं काहून नाही, बाबा?"

सुनेला तोंडावर बोल लावायचा नाही, ही त्या घरची रीत. काही सांगायचं तर सासूमार्फत, म्हणजे माणिकबाईंमार्फत. पण बायकोलाही पंजाबराव काही बोलले नव्हते.

"काय सांगू? मी बसलो का सूनबाई उठवते. मले वाटलं, आता माहं काम तुमाले नको. म्हणून मीच बसनं सोडलं."

"तसं नोयतं, बाबा."

"नसंन."

दुसऱ्या दिवशी मनोजने खालचं मशीनच उचलून वर नेलं. जोडणीचा प्रश्न मिटला. पंजाबरावांनी माउस हातात घेतला, एक नाव जुळवलं आणि ठेवून दिला.

त्यानंतर मंजुषाच मजकूर घेऊन वर येऊ लागली. कोणाचं नाव आधी, असं सासऱ्यांना मुद्दाम विचारी. ते म्हणत, "करा तुमच्या मनानं." ती जुळवी, ते पलंगावरून बघत. एखाद्या मामाचं नाव काकाच्या वर गेलं तरी बोलत नसत. मनोजला ती चूक दिसे. वडिलांनाही ती दिसली आहे, हेही दिसे.