ढावलो आणि सातवं कलम

“वाचत काय बसलीस? तुमच्या तांड्यात तर अंगठा मारायची पद्धत आहे ना?”

दिग्रसच्या हॉटेलात, चार लोकांसमोर, पुण्याहून आलेले साहेब मला हे बोलले. चौघेही हसले. मी एम.ए. आहे. घरी बसून गोरबोलीचं, म्हणजे आमच्या बंजारा बोलीचं, मराठी करून देते, ज्याचं काम येईल त्याचं. यांच्या कंपनीला बोलणाऱ्या ॲपसाठी आमची बोली हवी होती. दोन महिने मी तांड्यातल्या बायांचे आवाज मोबाइलवर घेतले. आणि आता पुढे सरकवला गोपनीयतेचा करार.

गुपित राखायला माझी ना नव्हती. याआधी दोघांना अशी सही दिली, आजवर तोंड उघडलं नाही. पण सातवं कलम वाचलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. दिलेले सगळे आवाज कंपनीचे. मी ते कुणाला ऐकवायचे नाहीत, शिकवायचे नाहीत.

त्यात माझ्या याडीचा, म्हणजे आईचा, ढावलो होता. सासरी निघालेली नवरी रडत गाते ते गाणं. ते आपोआप येत नाही. मोठ्या बाया पोरीला जवळ बसवून शिकवतात. पुढच्या महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न. तिला शिकवायला मीही बसणार होते.

“हे कलम काढा,” मी म्हटलं. “तुमच्या ॲपचं कुठं बोलणार नाही. गाणं आमचं आहे.”

“अगं, आमच्यामुळे चार लोक ऐकतील तरी. नाहीतर तुमचं ऐकतंय कोण?”

खोटं कशाला सांगू, मी पेन उचललं होतं. शाळेत शेवटच्या रांगेत बसवायचे तेव्हाही मी अशीच मुकाट बसायचे. तरी बाहेर येऊन याडीला फोन लावला, सगळं सांगितलं.

“म्या गायलं ते त्यायले ईकलं का व? मंग तू कोन सही करनारी?”

मेल्याहून मेल्यासारखं झालं. आवाज घेताना हे कुठं जाणार, कुणाचं होणार, मी एकीलाही सांगितलं नव्हतं. साहेबांसारखंच वागले होते मी.

आत जाऊन करार सही न करताच पिशवीत टाकला. “आवाज मिळणार नाहीत.”

“दुसरी कोणीतरी मिळेल,” साहेब म्हणाले.

मिळेलही. म्हणून तांड्यात परतताच घरोघर जाऊन तो कागद मोठ्यानं वाचून दाखवला. माझ्या मोबाइलातलं कोणाचं काय ठेवायचं, काय पुसायचं, ते ज्या त्या बाईनं ठरवलं. आता साहेब येवोत की मी, आधी बायांसमोर खाली बसून कागद वाचायचा. त्या नाही म्हणाल्या, तर चालतं व्हायचं.